पस्तिशीनंतर झालेलं मूल अभ्यासात मागे पडतं का?

सासूबाई तसं म्हणतात म्हणून घाबरू नका. वयावरून मुलाची हुशारी ठरत नाही.

ब्रिटनमध्ये १९५८, १९७० आणि २००० च्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या साधारण दहा-अकराव्या वर्षीच्या बौद्धिक चाचण्या ताडून पाहिल्या गेल्या. जुन्या दोन पिढ्यांत ३५ ते ३९ वयाच्या आयांची मुलं पंचविशीतल्या आयांच्या मुलांपेक्षा मागे होती. तिसऱ्या पिढीत चित्र उलटं, तीच मुलं पुढे! शरीर तेच, मग बदललं काय? पूर्वी त्या वयात होणारं मूल बहुधा तिसरं-चौथं असायचं, घरात ओढाताण. आता ते बरेचदा पहिलंच असतं, आई शिकलेली, हाताशी चार पैसे. या गोष्टी हिशेबात घेतल्यावर तो फरक जवळजवळ उरलाच नाही.

वयाचा खरा संबंध आहे तो गुणसूत्रांतल्या दोषांशी. डाऊन सिंड्रोमची (यात मुलाची बौद्धिक वाढ जन्मापासूनच मंद असते) शक्यता पंचविशीत साधारण १,२५० त एक, पस्तिशीत ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. म्हणून ११ ते १३ आठवड्यांतली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी) आणि डबल मार्कर ही आईच्या रक्ताची तपासणी चुकवू नका; हा धोका किती, याचा अंदाज त्यातून येतो. बीपी, शुगरही वेळच्या वेळी तपासा.

आणि हो, बापाच्या वयाबद्दल कुणी विचारत नाही! ते वाढलं की ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यताही थोडी वाढते.

आपल्याकडे जास्त काळजी वाटावी ती सतरा-अठराव्या वर्षी आई होणाऱ्या मुलींची. तिथे कमी वजनाची, खुरटलेली बाळं जास्त दिसतात.