घोडा, चाप की खटका?

प्रश्न कोल्हापूरच्याच एका वाचकाचा आहे. एका जुन्या वाड्यातल्या लष्करी बंदुका साफसूफ करून त्यांची नोंदवही करायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. ते विचारतात, "बोटानं ओढायच्या भागाला नोंदीत 'घोडा' लिहू की 'चाप'? आणि 'रायफल'ला मराठी शब्द आहे का, की सगळ्यांना बंदूकच म्हणायचं?"

आधी घोडा. ट्रिगरला घोडा म्हणू नका. वर्तमानपत्रांत 'त्याने घोडा दाबला' असं सर्रास येतं, पण घोडा दाबायची वस्तूच नव्हे. नळीच्या मागच्या टोकाशी, उजव्या अंगाला जो वाकडा लोखंडी तुकडा असतो तो घोडा. तो अंगठ्यानं मागं ओढून चढवायचा, सुटला की पडतो आणि नको असेल तर हलकेच उतरवायचा. चढणं, उतरणं, पडणं ही सगळी क्रियापदं घोड्याची.

तुमच्याकडे इंग्रजी फौजेच्या एनफिल्ड घाटाची, तोंडातून भरायची ठासणीची बंदूक असेल तर हे हातानं तपासून बघा. आत बार नाही याची खात्री आधी करा, कारण जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्याच राहून गेल्याचं अधूनमधून आढळतं. नळीत गज, म्हणजे बार ठासायची सळई, सोडायचा, तो किती आत जातो ते नळीवर बाहेरून धरून बघायचं. टोकाच्या बरंच अलीकडे अडला तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा. मोकळी असेल तर घोडा सावकाश मागं घ्या. पहिला 'टक्' आवाज येतो तिथं घोडा अर्धा चढतो. इथं खटका, म्हणजे ट्रिगर, कितीही ओढला तरी घोडा पडत नाही, पडायला नकोच. पडला तर आतली खाच झिजली असं समजा. दुसऱ्या 'टक्'ला पूर्ण चढतो. आता अंगठ्यानं धरून, खटका ओढून, हळूच खाली आणा. मोकळा आपटू देऊ नका, ज्यावर ठिणगी देणारी टोपी बसते त्या बोंडीची वाट लागते. एवढं एकदा केलं की घोडा कुठला आणि खटका कुठला हे पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही.

मग घोटाळा झाला कसा? माझं मत असं की पुढं बोल्टच्या रायफली आल्या, ली-एनफिल्डसारख्या, आणि घोडा बाहेरून दिसेनासाच झाला. वस्तू गेली, शब्द जिभेवर राहिला, तो हाताला लागणाऱ्या उरलेल्या भागाला जाऊन चिकटला.

राहिला चाप. 'चाप ओढला' हे शुद्ध मराठी आहे, ट्रिगरसाठी चाप चूक नाही. तरी तुमच्या नोंदवहीपुरता मी तो टाळीन. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. मराठीत केसांचा चाप, कागदांचा चाप, म्हणजे दाबून धरणारं काहीही. 'चाप लावणे'ही मला तिथूनच आलेलं वाटतं, बंदुकीतून नव्हे. आता तुमच्या टेबलावर बघा. घोड्याला जोर देणारी जी इंग्रजी व्ही आकाराची कमान असते, ती सोडवताना दाबून धरायला शिकंजा लागतो, त्यालाही आपण चापच म्हणणार. 'चाप लावून कमान काढली, चाप गंजलेला' अशी नोंद दहा वर्षांनी वाचणाऱ्यानं काय समजायचं? म्हणून सरळ 'खटका' लिहा. आपल्या भागात ट्रॅक्टरच्या मागं 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' लिहिणाऱ्याला बोट कशावर असतं हे पक्कं माहीत असतं. कमानीला कमानच म्हणा, उद्यमनगरातला मिस्त्रीही कमानपाटा म्हणतोच.

बाकीचे भाग झटपट: नळी, लाकडी दस्ता, गज, संगीन. बत्ती लागते ते भोक म्हणजे कान. तोफेच्या कानात खिळे ठोकले म्हणतात, ते हेच कान. काडतूस पोर्तुगीजांकडून आलं, पण शंभर टक्के आपलं झालं.

रायफलचं उत्तर मात्र नळीच्या आत आहे. नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतील तर रायफल, आतून गुळगुळीत असेल तर बंदूक. १८५३ च्या एनफिल्डला अशा ३ खाचा असत, आणि ३९ इंची नळीत त्या जेमतेम अर्धा वेढा घेत. म्हणून या खाचांना 'आटे' म्हणणं मला पटत नाही. आटे म्हटलं की स्क्रूचे दाट वेढे डोळ्यांपुढं येतात. 'पीळ' नेमका बसतो.

आणि इथं वरवर बघून फसू नका. १८५७ नंतर, ज्या वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरातही २७ व्या पलटणीनं उठाव केला, इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी मुद्दाम पीळ नसलेल्या नळ्यांचं हत्यार काढलं, पॅटर्न १८५८. लांबून हुबेहूब एनफिल्ड, पण नळीचं तोंड ०.५७७ ऐवजी ०.६५६ इंच आणि आत गुळगुळीत. तिला रायफल लिहिलंत तर इतिहासच उलटा लिहिल्यासारखं होईल. टॉर्च लावून नळीत बघा, मगच शब्द ठरवा. रायफल शब्दाला मराठी पर्याय शोधायची गरज मला वाटत नाही. संस्थानच्या फौजेचं नावच राजाराम रायफल्स होतं, विलीनीकरणानंतर ती मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. हा शब्द कोल्हापूरनं कधीच घरात घेतलाय.

एक शब्द मात्र जपून वापरा, 'दुरुस्ती'. शस्त्र कायद्यातली जुन्या हत्यारांची सूट, दुरुस्त करूनही जे चालणार नाही अशालाच आहे. दस्त्याला जवसाचं तेल, लोखंडाला हलका हात, इंग्रज सरकारी शस्त्रागाराचा 'टॉवर'चा ठसा आणि सालाचा आकडा घासून न घालवणं, हे सगळं जतन. बार उडेल अशी करणं ही दुरुस्ती, तिला परवाना आणि परवानाधारक कारागीर लागतो.

नमुन्याची नोंद अशी: 'ठासणीची, टोपीची बंदूक, एनफिल्ड घाट. नळी गुळगुळीत, पीळ नाही. घोडा दोन्ही खाचांवर ठरतो. खटका शाबूत. कमान मूळची. गज नाही. दस्त्याला उजवीकडे चीर. फक्त जतन, दुरुस्ती नाही.'