वेबसाइटवर आक्षेपार्ह राजकीय जाहिरात दिसली तर साइटकडे तक्रार करून काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की रोजच्या वाचनातल्या एका मराठी साइटवर निवडणुकीची घाणेरडी जाहिरात दिसली, तर साइटवाल्यांना लिहावं का, आणि लिहिलं तर ते "जाहिराती आमच्या नाहीत" म्हणून हात झटकतील का.

झटकतील. तरी लिहा.

मी नागपूरला महालात, केळीबाग रोडच्या मागच्या गल्लीत सत्तावीस वर्षं छापखाना चालवला. "मजकूर त्यांचा, आपण फक्त छापतो" हे वाक्य माझ्या धाकट्या भावाच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय, की वेबसाइटवाल्यानं तेच ऐकवल्यावर माझं डोकं फिरलं. उत्तर थोडं लांबेल.

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. सकाळच्या चहासोबत फोनवर शब्दकोडं सोडवायची मला सवय आहे. छापखाना बंद झाल्यापासून अक्षरांशी तेवढाच संबंध उरलाय. आडवे शब्द संपून उभे सुरू होतात त्या फटीत जाहिरात असते. एरवी गादी, गुडघ्याचं तेल, नाहीतर वर्धा रोडवरचे प्लॉट. त्या दिवशी नऊवारीतल्या एका बाईचं चित्र होतं, गळ्यात मंगळसूत्राच्या जागी किमतीची चिठ्ठी, आणि खाली एक ओळ. ती ओळ मी इथं लिहीत नाही. पक्षही सांगत नाही, कारण सांगितला की खाली सगळे त्याच्यावरच भांडत बसतील. महिन्याचे दीड हजार ज्या बायांच्या खात्यात येतात त्यांच्याबद्दल ते होतं, आणि त्यातली एक माझी सख्खी बहीण आहे.

टीकेचं मला वावडं नाही. नागपूरच्या माणसाला ते परवडतच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे असतात. बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या कधी येऊन वाचा. मंत्री, महापालिका, महागाई, कोणाची गय नाही. "घेऊन जा गे मारबत" म्हणायचं आणि जाळून मोकळं व्हायचं. पण बडग्या निघतो तो खुर्चीवरच्याचा. रेशनच्या रांगेतल्या बाईचा बडग्या मी आजवर पाहिला नाही.

तर, संतापून मी बायकोला हाक मारली. ती हात पुसत येईस्तोवर पान पुन्हा लोड झालं आणि तिथं गादी आली. ती म्हणे, "अहो, गादीवर काहून चिडता?"

म्हणून पहिलं काम स्क्रीनशॉट, राग नंतर. वर पानाचा पत्ता आणि वेळ दिसली पाहिजे. एकाच पानावर तुम्हाला एक जाहिरात दिसते, शेजाऱ्याला दुसरीच. "तुमच्या साइटवर अमुक होतं" एवढंच लिहिलं तर "आम्हाला तर नाही दिसली" असं उत्तर येणार, आणि ते खोटंही नसेल. जाहिरातीच्या कोपऱ्यात एक बारीक चिन्ह असतं, ते दाबा. जाहिरात कोणत्या नेटवर्कची आहे ते कळतं, बऱ्याचदा पैसे कोणी दिले तेही कळतं, आणि नेटवर्ककडे तक्रार करायची सोयही तिथंच असते. तीही करा, दोन मिनिटांचं काम आहे.

मला ती जाहिरात तिसऱ्या दिवशी पुन्हा सापडली. पक्षाचं चिन्ह नाही, उमेदवाराचं नाव नाही. कोपऱ्यातलं ते बारीक चिन्ह दाबलं तर कुठल्याशा कंपनीचं नाव, जे मी कधी ऐकलं नव्हतं. साइटच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल होता. २०२१ च्या आयटी नियमांनुसार तो द्यावा लागतो. तेव्हाच्या नियमात २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. मी चित्र जोडून लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: जाहिराती त्रयस्थ नेटवर्ककडून आपोआप दाखवल्या जातात, त्यांच्या मजकुराशी संस्थेचा संबंध नाही, कळावे.

म्हणजे मजकूर त्यांचा, आम्ही फक्त छापतो.

आता १९९९. लोकसभा आणि विधानसभा एकत्र आल्या होत्या, पोळा तोंडावर होता, आणि महालातल्या एकाही छापखान्याचा दिवा रात्री विझत नव्हता. आमच्याकडे एक ऑफसेट मशीन आणि वडिलांच्या वेळची ट्रेडल, म्हणजे सुटी अक्षरं जुळवून छापायचं जुनं यंत्र. रात्री दहाच्या पुढे एक माणूस आला. पाच हजार हँडबिलं, दुप्पट भाव, रोख, आणि खाली मुद्रकाचं नाव टाकायचं नाही. मजकूर विरोधी उमेदवारासाठी घरोघर फिरणाऱ्या आमच्याच भागातल्या एका बाईबद्दल होता. ती विधवा होती. काय लिहिलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

नाव न टाकता छापणं हा गुन्हा आहे, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क: निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. छापण्याआधी प्रकाशकाची सही असलेलं घोषणापत्र घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि छापून झालं की एक प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे. नाही केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या भिंतीवर ते कलम फ्रेम करून लावलेलं होतं. वडिलांनी लावलं होतं.

मी नको म्हणालो. भाऊ म्हणाला, "दादा, मजकूर त्यांचा. आपण फक्त छापतो." ऑफसेटवर दुसरं काम चढलेलं होतं, म्हणून ट्रेडलवर छापायचं ठरलं. आणि खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, मी जुळवले. इथं मी स्वतःला मोठा करून सांगत नाही, नको म्हणालो आणि मग जुळवले. प्रूफ काढल्यावर एका शब्दात ह्रस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं, तेही सुधारलं. सवयीनं.

आठ दिवसांनी ती बाई दुकानात आली. काउंटरवर तिनं दोन कागद ठेवले. एक ते पत्रक, दुसरी तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेच छापलेली. आमच्या चोवीस पॉइंटाच्या 'श्री'च्या वेलांटीचा शेंडा तुटलेला होता. पत्रिकेवर वर मधोमध तोच 'श्री'. पत्रकात तिच्या नावाआधी 'श्रीमती', त्यातही तोच. तिनं दोन्हींवर एकेक बोट ठेवलं.

"भाऊ, हा श्री तुमचाच होय ना?"

मी काही बोललो नाही. भाऊ बोलला: "मावशी, आम्ही फक्त छापतो. मजकूर त्यांचा."

"पत्रिकेचा मजकूर तं माझा होता," ती म्हणाली, "मंग तवा शुद्धलेखन काहून तपासलं होतं?"

कागद तिथंच ठेवून ती गेली. तिनं पोलिसात तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. २००६ मध्ये आम्ही भाऊ वेगळे झालो. कारणं दुसरी होती, जागेची, पैशाची. पण दिवाळीला जेवताना तो विषय निघतोच, आणि भाऊ तेच म्हणतो. त्याचा आता फ्लेक्सचा धंदा आहे. ट्रेडल भंगारात काढली तेव्हा खिळे किलोवर गेले. तो 'श्री' मात्र मी खिशात टाकला.

असो. तुमच्या प्रश्नाकडे.

साइटवाला म्हणतो जाहिराती आपोआप येतात. येतात, खरं आहे. पण त्या थांबवायचं बटण त्याच्याकडे असतं, हे तो सांगत नाही. हे मला कोणी दाखवलं? भावाच्याच पोरानं. पुतण्या पुण्याला असतो, त्याची ट्रेकिंगची एक छोटी साइट आहे आणि तिच्यावर गुगलच्या जाहिराती येतात. दिवाळीनंतर तो घरी आला तेव्हा त्याला ते उत्तर दाखवलं. त्यानं लॅपटॉप उघडून स्वतःचं खातं दाखवलं. तिथं संवेदनशील विषयांची यादी असते, त्यात 'राजकारण' म्हणून वेगळा रकाना. बंद करायला एक टिचकी. एखाद्या जाहिरातदाराच्या साइटचा पत्ता टाकून तेवढाच अडवता येतो. आलेल्या जाहिराती एकेक करून पाहताही येतात. म्हणजे प्रूफ आहे, पण कोणी वाचत नाही.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्यात दोन पानं भावना होत्या, ती माझी चूक. दुसऱ्यात तीनच गोष्टी: अमुक पानावर, अमुक तारखेला, अमुक वेळी ही जाहिरात होती, चित्र सोबत. राजकारणाचा रकाना आणि हा जाहिरातदार बंद करण्याची सोय तुमच्या जाहिरात खात्यात असते. ती वापरणार की नाही, ते कळवा. "हो" किंवा "नाही" याशिवाय तिसरं उत्तर देता येणार नाही असं लिहायचं. नेटवर्क वेगळं असेल तर शब्द बदला, पण असली सोय बहुतेकांकडे असते.

उत्तर एका ओळीचं आलं, "सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे." त्यानंतर ती जाहिरात मला दिसली नाही. पण तोवर मतदान दोन दिवसांवर आलं होतं, त्यामुळे माझ्या पत्रानं बंद झाली की दिलेले पैसे संपले म्हणून, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

लोक सांगतील, निवडणूक आयोगाकडे जा. जा की. इंटरनेटवरच्या राजकीय जाहिरातींना आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. टीव्हीसाठी हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशानं आलं, आणि आयोगानं २०१३ मध्ये समाजमाध्यमांनाही लागू केलं. जिल्ह्याची माध्यम प्रमाणीकरण समिती असते, तिला "या जाहिरातीला प्रमाणपत्र आहे का" एवढंच विचारा. १९५० ही हेल्पलाइन आहे. आयोगाचं सी-व्हिजिल ॲप मात्र डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टींसाठी आहे, त्यात फोटो तिथल्या तिथं काढावा लागतो, गॅलरीतला स्क्रीनशॉट चढत नाही. आणि ते आचारसंहितेच्या काळातच चालतं. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी ॲस्की नावाची संस्था आहे, तिकडे धावू नका, राजकीय जाहिराती तिच्या कक्षेत येत नाहीत. फेसबुक-इन्स्टावर दिसली असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, आणि उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. महापालिका-जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, ते दार वेगळं, दिल्लीच्या आयोगाला त्यासाठी लिहून वेळ घालवू नका. आणि आक्षेपार्ह म्हणजे बेकायदा नव्हे. बरंच काही घाण असूनही कायद्यात बसतं. म्हणून तर मी साइटलाच आधी लिहा म्हणतोय. कायदा ज्याला हात लावत नाही ते आपल्या पानावर ठेवायचं की नाही, हे पानाच्या मालकालाच ठरवावं लागतं, कारण त्या जागेचं भाडं तो घेतो.

पुतण्यानं त्या दिवशी माझ्यासमोरच स्वतःच्या साइटवरचा राजकारणाचा रकाना बंद केला. भाऊ शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, यानं तुझं किती बुडेल? पोट्टा म्हणाला, निवडणुकीच्या महिन्यात फार तर तीनशे.

भाऊ जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या पत्रकाचे आपल्याला अठराशे मिळाले होते, दादा."