कॅलेंडर दोन आठवडे वाढलं, हजेरी आधीच कमी, आणि तोंडावर सुगी

खानापूर तालुक्यातली मुलगी, बेळगावच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या तिसऱ्या सेमिस्टरला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडिलांबरोबर समुपदेशन कक्षात आली तेव्हा बोलत होते ते वडीलच. "तास अजून दोन आठवडे चालणार म्हणं. ऐन भातकापणीत! हिची हजेरी आधीच कमी, आता आणखी कमी हुतंय की मॅडम." मुलीनं मान वर केली नाही. सेमिस्टर सोडून द्यायचं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

विद्यापीठ सुधारित कॅलेंडर काढतं तेव्हा ही काळजी घेऊन येणारी ती एकटी नसते. दिवस वाढले म्हणजे खाडे वाढले, असा हिशेब घरात आपोआप मांडला जातो. अशा वेळी नुसता धीर देऊन भागत नाही. कागद घेऊन आकडे मांडावे लागतात, आणि ते मुलीच्या हातानं मांडून घ्यावे लागतात.

दिवस वाढले कशामुळे, हे आधी वडिलांना सांगितलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे वर्षाला किमान १८० दिवस, म्हणजे सहा दिवसांचा एक असे ३० आठवडे, प्रत्यक्ष शिकवणं झालं पाहिजे. एका सेमिस्टरच्या वाट्याला ९० दिवस येतात. प्रवेश आणि परीक्षांचे दिवस यात धरत नाहीत. तिच्या छापील कॅलेंडरात १६ आठवडे होते, म्हणजे दिसायला ९६ दिवस. त्यातून सणांच्या आणि पावसाच्या मिळून १० सुट्ट्या गेल्या. अंतर्गत चाचण्या, क्रीडा आणि युवजन महोत्सवात ८ दिवस गेले. उरले ७८. कमी पडलेले १२ दिवस म्हणजे बरोबर दोन आठवडे. एका दिवसात आठ तास घेतले तरी दिवस एकच मोजला जातो, म्हणून जादा तास घेऊन ही तूट भरत नाही. शेवटची तारीखच पुढे न्यावी लागते.

मग हजेरी. ती दिवसांवर ठरत नाही, विषयवार तासांवर ठरते. तिचा कमी पडणारा विषय एकच होता, कॉस्ट अकौंटिंग. झालेले तास ४८, ती हजर ३३, म्हणजे ६८.७५ टक्के. परीक्षेला बसायला लागतात ७५. (व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला ८५ टक्के लागतात, तिथे हे गणित वेगळं मांडावं लागतं.)

जुन्या कॅलेंडरप्रमाणे हा विषय ५२ तासांवर संपला असता. उरलेल्या चारही तासांना ती बसली असती तरी ३७ भागिले ५२, म्हणजे ७१ टक्के. अडकलीच असती. नव्या कॅलेंडरात आठवड्याला चार याप्रमाणे ६० तास होतात. उरलेले १२ च्या १२ भरले की ४५ भागिले ६०, बरोबर ७५. ज्या दोन आठवड्यांना घर घाबरलं होतं, तेच तिला परीक्षेला बसवणार होते. हे तिनं स्वतः लिहून काढलं आणि मग पहिल्यांदा बोलली, "म्हणजे अजून जमतंय?"

७५ टक्क्यांसाठी एक सोपी रीत आहे. झालेल्या तासांची तिप्पट करायची, त्यातून हजर तासांची चौपट वजा करायची. उरेल तितके तास एकही खाडा न करता भरायचे. तिचं उत्तर १४४ वजा १३२, म्हणजे १२. हे उत्तर शिल्लक तासांपेक्षा मोठं आलं, तर नुसतं बसून भागत नाही. त्याच दिवशी प्राचार्यांना भेटायला हवं.

खाडे पडले कसे, हेही विचारायलाच हवं होतं, कारण घरी "पोरगी कॉलेजला जात नाही" असा बोल तिला लागला होता. तिचे बहुतेक खाडे पावसातले निघाले. मुसळधार पावसात जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात ती अनेकदा तालुक्यापुरती, आणि बरेचदा शाळा व पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजांपुरतीच असते. कॉलेज बंद असेल तर तास होत नाही आणि हजेरीला धक्का लागत नाही. पण खानापुरात रस्ता पाण्याखाली आणि बेळगावात कॉलेज चालू असेल, तर तिकडे तास होतो आणि हिचा खाडा पडतो. वडिलांना हे माहीत नव्हतं. ऐकून ते मुलीकडे बघत गप्प झाले, आणि कक्षातला ताण तिथे निम्म्यानं उतरला.

या खाड्यांचा कागद करून ठेवायला सांगितलं. रस्ता बंद होता त्या तारखांचं ग्रामपंचायतीच्या पीडीओंचं (पंचायत विकास अधिकाऱ्यांचं) पत्र, बस सुटली नव्हती याचं डेपोचं पत्र, आजारपण असेल तर त्याच वेळचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट. हे जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. सूट मिळेलच असं नाही, पण ७५ वर काठावर असलेल्या मुलीनं अर्ज आधी दिलेला बरा. एखादा तास झालाच नाही, तर ४४ भागिले ५९ होऊन ती ७४.६ वर अडकली असती. म्हणून त्या विषयाच्या सरांनाही भेटून, बुडालेला तास भरून घ्याल का, हे विचारून ठेवायला लावलं.

राहिली सुगी. "कापणीला माणूस मिळत नाही, पोरगी घरात पाहिजे," हे वडिलांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यांना शिक्षणाचं महत्त्व ऐकवण्यात काही अर्थ नव्हता. टाइमटेबल पुढ्यात ठेवलं. कॉस्ट अकौंटिंग सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. बाकीच्या प्रत्येक विषयात ती ५० पैकी ४१ तासांच्या आसपास होती. तिथे आणखी सहा तास चुकले तरी ७५ खाली जात नव्हतं. सहापैकी दोन तास अडीअडचणीला राखून चारच मोजायचे ठरवलं. "मामा, मंगळवार-गुरुवारातले मिळून दोनच दिवस ही घरी राहील. कुठले ते तुम्ही ठरवा, पण बाकीच्या दिवशी सकाळची बस चुकता कामा नये." वडिलांनी मळणीचे दोन दिवस मागितले आणि पैऱ्याला, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला, भावकीतली माणसं बोलवायचं कबूल केलं.

व्हॉट्सअॅपवर आलेलं सर्क्युलरही तपासलं. क्रमांक, तारीख आणि कुलसचिवांची सही आहे का, हे आधी बघावं. मजकूर कन्नडमध्ये असेल तर घरी अंदाज बांधत बसू नये, कॉलेजच्या ऑफिसात वाचून घ्यावा. परीक्षेचं वेळापत्रक कुलसचिव (मूल्यमापन) यांच्याकडून वेगळं निघतं. तास लांबले म्हणून यूयूसीएमएस या विद्यापीठ-कॉलेजांच्या सरकारी पोर्टलवर परीक्षा अर्ज भरायची तारीख लांबली, असं धरून चालू नये. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेतल्या महाराष्ट्राच्या सुट्ट्याही इथे कर्नाटकात लागू होत नाहीत. वाल्मिकी जयंती आणि कनकदास जयंतीला इथे सुट्टी, तिकडे नाही. चंदगड-कोल्हापूरकडचा मावसभाऊ सुट्टीवर आला, तरी त्याचं विद्यापीठ वेगळं आणि कॅलेंडरही वेगळं.

जाताना मुलीला एक वही करायला सांगितली: तारीख, विषय, तास झाला की नाही, आपण होतो की नाही. दर शनिवारी ती ऑफिसच्या हजेरीशी ताडून बघायची, कारण नोंद चुकली असेल तर ती त्याच आठवड्यात दुरुस्त होते. सेमिस्टर संपल्यावर कोणी मागचं हजेरीपत्रक उघडत नाही. आणि वडिलांना सांगितलं, की हे सेमिस्टर लांबलं म्हणून मधली सुट्टी आखडेल, त्यामुळे पुढच्या सेमिस्टरचा बसपास आणि फी यांची सोय परीक्षा चालू असतानाच करावी लागेल.