गुलमर्गचा बर्फ आणि गोंडोलाची रांग : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी झाली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत काश्मीरचे वाढतात आणि त्यातही गुलमर्गचेच जास्त. बर्फ असेल का, गोंडोलाला, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारला, किती वेळ लागेल, स्की जमेल का. या वेळी तेच सगळे एकत्र घेतलेत. सारखे प्रश्न बऱ्याच जणांचे होते, त्यामुळे ज्यांचं गाव खाली दिसत नाही त्यांनीही उत्तर आपलंच समजा.

ताई, आम्ही दोन कुटुंबं नाताळच्या सुट्टीत श्रीनगरला जातोय, २५ डिसेंबरला गुलमर्गची डे-ट्रिप आहे. टूरवाला म्हणतो स्नो गॅरंटी. असते का अशी गॅरंटी? – एक वाचक, डोंबिवली

नसते. कोणीही देऊ शकत नाही. गुलमर्गला बर्फ पडतो तो वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने ओलावा घेऊन येणाऱ्या सिस्टिम पीर पंजालच्या रांगेला येऊन धडकतात तेव्हा. त्या आल्या तर एका रात्रीत गुडघाभर बर्फ, नाही आल्या तर कित्येक दिवस नुसतं कोरडं ऊन आणि हाडं गोठवणारी रात्र. थंडी आहे म्हणजे बर्फ असणारच असं आपण मुंबई-पुण्यात बसून धरून चालतो, पण थंडी आणि ओलावा दोन्ही एकाच वेळी लागतात. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, काश्मीरमधला सगळ्यात कडक थंडीचा काळ. तरीही जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची उतरणं तपकिरी होती, बातम्यांमध्ये ते फोटो तुम्ही पाहिले असतील, महिन्याच्या अगदी शेवटी बर्फ आला. २०२५ मध्ये तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटी होत्या, त्या बर्फ कमी म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या.

मग काय करायचं? डे-ट्रिप काढून टाका आणि श्रीनगरची एक रात्र कमी करून गुलमर्गला दोन रात्री राहा. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी लोक हॉटेल महाग आहे म्हणून टाळतात, पण एक दिवस हातात असेल आणि त्या दिवशी वारा सुटला तर सगळ्यांचाच हिरमोड होतो आणि लहान मुलांना तर समजावता येत नाही. दोन रात्री असतील तर एक सकाळ तरी चांगली मिळायची शक्यता खूप वाढते. आणि तारखा बदलता येत असतील तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी बघा, नाताळपेक्षा तेव्हा बर्फ साठलेला असायची शक्यता जास्त. दहावी-बारावीवाल्यांना ते जमणार नाही, मला कल्पना आहे.

ताजा बर्फ पडला असेल तर तुमची गाडी खाली टंगमर्ग गावातच थांबवतात, तिथून गुलमर्गपर्यंतच्या साधारण १३ किलोमीटरला चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यावी लागते. तो वेळ आणि पैसा धरूनच निघा. गमबूट आणि कोट तिथेच भाड्याने मिळतात, बूट घेताना उलटा करून तळ बघा, खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर दुसरा मागा. दुकानदार घाई करतो, करू द्या. आजी-आजोबांच्या पायात तो बूट असणार आहे.

गेल्या वर्षी आम्ही फेज वनच्या रांगेत तीन तास उभे होतो, वर गेलो तर फेज टू बंद! इतकी रांग का लागते? आणि एजंट पैसे घेऊन पुढे घुसवतो म्हणतात ते खरं का? – एक वाचक, पुणे

रांग का लागते हे समजलं की ती टाळायची कशी तेही समजतं. गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. फेज वन गुलमर्गहून, म्हणजे साधारण २६५० मीटरवरून, कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३०८० मीटर. फेज टू तिथून अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, ३९५० मीटरच्या आसपास. पहिला १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ साली. एका केबिनमध्ये सहा जण, आणि तासाला साधारण ६०० माणसं वर नेण्याची क्षमता. आता हिशोब करा, तुमच्या पुढे १२०० लोक असतील तर सगळं सुरळीत चालूनही दोन तास गेले. मध्ये एखाद्या आजींना केबिनमध्ये चढवायला यंत्र हळू केलं, कुठे वाऱ्यामुळे दहा मिनिटं थांबवलं, की तीन तास होतातच. यात तिथल्या स्टाफचा काही दोष नाही.

आणि फेज टू बंद होण्याचं कारण बहुतेक वेळा वारा नाहीतर हिमस्खलनाचा धोका. खाली गुलमर्गात झाडाचं पानही हलत नसतं आणि वर कड्यावर वारा असा असतो की केबिन झुलायला लागते, खालून ते कळतच नाही म्हणून लोक चिडतात. कोंगडोरीला मी पाहिलंय, दरवाजा बंद, शंभर-दीडशे माणसं तोंडाला मफलर गुंडाळून उभी, आणि एक तरुण कर्मचारी त्याच शांतपणे प्रत्येकाला सांगतोय, साब हवा है ऊपर, हवा रुकेगी तो खुलेगा. त्याच्या अंगावर ओरडणारे बरेचसे आपल्याच बोलीत ओरडत होते, आणि मला फार वाईट वाटलं. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड केबलवर पडून सात जणांचा जीव गेला होता. वारा आहे म्हणून बंद ठेवणारा माणूस तुमचाच विचार करत असतो.

तिकीट ऑनलाइनच, ओळखपत्राची माहिती भरून मिळतं. सीझनमध्ये ते पटापट संपतात, त्यामुळे विमानाचं बुकिंग झालं की लगेच तारीख बघायला लागा. पुढे घुसवतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका, तुमच्यासारखंच पहाटे उठून आलेलं कोणीतरी त्या रांगेत मागे ढकललं जातं. सरळ उपाय म्हणजे गुलमर्गलाच मुक्काम आणि सकाळचा पहिला स्लॉट. श्रीनगरहून येणाऱ्या गाड्या दहा-साडेदहानंतर पोचायला लागतात, तोवर तुम्ही वर असता. शनिवार-रविवार आणि २६ जानेवारीचा जोडून आलेला वीकेंड टाळा.

वय ३८, स्की कधीच केलेलं नाही. चार दिवसांत येईल का? – एक वाचक, नाशिक

सोप्या उतारावर वळणं घेत खाली येणं आणि हवं तिथे थांबणं, एवढं चार दिवसांत बऱ्याच जणांना येतं. पण त्यासाठी गोंडोलाची अजिबात गरज नाही. नवशिक्यांचा उतार खालीच, गोल्फ कोर्सच्या बाजूला आहे, तिथे छोटी लिफ्ट असते, दांडा धरून ओढत वर नेणारी, आणि रांगही गोंडोलाच्या मानाने काहीच नाही. पहिल्या दिवशी फेज टूला स्की घेऊन जायचा हट्ट धरणारे दिसतात, त्यांना कळकळीने सांगते, नका जाऊ. वरून खाली येणारा उतार पट्टीच्या माणसासाठी आहे, मशीनने सपाट केलेला ट्रॅक नाहीये तो.

नीट शिकायचं असेल तर गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगचे कोर्स बघा, मुक्कामासकट असतात आणि शिस्त चांगली आहे. नाहीतर लोकल इन्स्ट्रक्टर घ्या. टंगमर्ग-गुलमर्गच्या परिसरातली पोरं लहानपणापासून स्कीवर असतात, २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू आरिफ खान याच भागातला. एक दिवस घेऊन बघा, समजावण्याची पद्धत पटली तर पुढचे दिवस ठरवा.

भाड्याच्या बुटाबद्दल मात्र काटेकोर राहा. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलका टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवून नडगी पुढच्या भागावर दाबली की अंगठा मागे सरकला पाहिजे, टाच मात्र जागची उचलली जाता कामा नये. टाच उचलली तर बूट मोठा आहे. जाड मोज्यांचे दोन जोड घालून तो बसवायला जाऊ नका, एकच लांब मोजा. आणि हेल्मेट, मागूनच घ्या.

मुलगा जर्मनीत असतो, तिथे स्नोबोर्डिंग शिकलाय. फेब्रुवारीत मित्रांबरोबर गुलमर्गला जाऊन "ऑफ-पिस्ट" करणार म्हणतो. हिमस्खलनाच्या बातम्या वाचून माझी झोप उडाली आहे. त्याला काय सांगू? – एक आई, नागपूर

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे, आणि हे उत्तर जरा लांबेल. त्यालाही वाचायला द्या.

ऑफ-पिस्ट म्हणजे आखलेला, सपाट केलेला ट्रॅक सोडून कोऱ्या बर्फातून उतरणं. गुलमर्गला जगभरातून लोक येतात ते याच कोऱ्या बर्फासाठी, आणि आल्प्समधल्या रिसॉर्टपेक्षा इथे फरक असा की अफरवटवर जवळजवळ सगळंच ऑफ-पिस्ट आहे. गोंडोलाच्या खालचं मुख्य बाउल, म्हणजे वाडग्यासारखा खोलगट उतार, स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर गस्त घालणारं पथक, सांभाळतं. मोठा बर्फ पडला की स्फोटकं लावून सैल थर आधीच पाडतात आणि मग उघडतात, म्हणून तर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी फेज टू उशिरा सुरू होतो. त्या बाउलच्या डावी-उजवीकडे हद्दीची दोरी ओलांडली की पुढे काहीही तपासलेलं नाही. उतार तोच, बर्फ तोच, दिसायला तर जास्तच सुंदर, कारण कोणी गेलेलं नसतं. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअरचा जीव गेला. २२ फेब्रुवारी २०२४ ला एका रशियनचा. या लोकांना बर्फाची सवय नव्हती असं कोणी म्हणू शकत नाही.

धोका कुठून येतो ते सांगते. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडतो आणि मग बरेच दिवस कोरडी, निरभ्र थंडी. त्या थंडीत खालच्या पातळ थराचे कण एकमेकांना सोडतात, साखरेसारखे सुटे होतात. मग फेब्रुवारीत एकदम दोन-तीन फूट नवा बर्फ त्यावर येऊन बसतो, वारा तो दाबून त्याची घट्ट लादी करतो. वरची लादी जड, खालची साखर कमकुवत, आणि ३० ते ४५ अंशांचा उतार, एवढं जमलं की एका माणसाच्या वजनाने अख्खी लादी सुटू शकते. म्हणजे कोरड्या जानेवारीनंतर आलेला जो बर्फ बघून सगळे खूश होतात, पहिले काही दिवस धोका त्यातच जास्त असतो.

पेट्रोलची माणसं हे कसं तपासतात ते एकदा तुमच्या मुलाने जवळून बघावं. उतारावर खड्डा खणतात, त्याच्या भिंतीतून फूटभर रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा करतात, वर फावड्याचं पातं ठेवतात आणि हाताने थोपटतात. दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. मनगटाच्या चौथ्या-पाचव्या थापेलाच खांब मधून सपकन सरकला, तर त्या दिवशी तशा उतारावर कोणी जायचं नाही. ते सरकणं डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा सहज दोरी ओलांडत नाही, म्हणून बघावं म्हणते.

त्याला हे विचारा. रोज सकाळी पेट्रोलचा धोक्याचा आकडा बघणार का? एक ते पाच अशी पातळी असते, तीन म्हणजे मध्यम असं समजून लोक जातात, पण तीनला अनेक जीव जातात. लोकल गाइड घेणार का? बीकन (गाडलेल्या माणसाचा सिग्नल देणारं आणि शोधणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) तिघा-चौघांपैकी प्रत्येकाकडे आहे का आणि ते वापरायची प्रॅक्टिस झालीये का? गाडला गेलेल्या माणसाकडे पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात, तेवढ्यात बाहेरून मदत पोचत नाही, शेजारचा मित्रच काढू शकतो. आणि मोबाइल बीकनपासून निदान २० सेंटीमीटर लांब ठेवायचा, शोधताना ५० सेंटीमीटर, नाहीतर सिग्नलमध्ये गडबड होते.

वारा किंवा धुक्याने वरचं बंद असेल तर चिडून बसायचं कारण नाही, खाली बाबा रेशी गावाकडे किंवा टंगमर्गकडे उतरणाऱ्या जंगलातून लोकल गाइडबरोबर फार सुंदर रन होतात. फक्त फरच्या झाडांच्या बुंध्याजवळ जायचं नाही, फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो आणि माणूस डोकं खाली होऊन आत अडकू शकतो. जंगलात नेहमी जोडीने, एकमेकांच्या नजरेत.

या सगळ्याची उत्तरं तो नीट देत असेल तर जाऊ द्या त्याला, ताई. देत नसेल तर बाउलमध्येच राहा म्हणा, तेही काही थोडंथोडकं नाही.

मे महिन्यात गुलमर्गला बर्फ मिळेल का? – एक वाचक, कोल्हापूर

गुलमर्गात नाही, तिथे हिरवं कुरण असतं. फेज टूने वर गेलात तर मेच्या सुरुवातीला अफरवटवर बर्फ असतो, दुपारपर्यंत ओला आणि भुसभुशीत होतो म्हणून सकाळी जा. स्कीसाठी मे धरू नका.

वडील ७१ वर्षांचे, बायपास झालेली. फेज टूला नेऊ का? – एक वाचक, पणजी

त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना ३९५० मीटर हा आकडा सांगून विचारा, नुसतं काश्मीरला जातोय म्हणू नका. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्क्यांवर येतो आणि गोव्याहून आलेला माणूस गोंडोलाने काही मिनिटांत तिथे पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय गुलमर्गपेक्षा वर आठ-नऊ अंश जास्त थंडी, वरून वारा. डॉक्टर हो म्हणाले तरी आधी एक रात्र गुलमर्गला काढा, सकाळी कोंगडोरीपर्यंत न्या, तिथे अर्धा तास बसा, चहा घ्या. दम लागतोय, छातीत जड वाटतंय, डोकं दुखतंय असं काहीही असेल तर तिथूनच खाली. कोंगडोरीलाही बर्फ असतो आणि वडिलांना तिथे खुर्चीत बसून सगळं दिसतं. परतीची रांगही मोठी लागते हे विसरू नका, दुपारी सगळे एकदम उतरायला निघतात, म्हणून साडेबाराच्या आत त्यांना घेऊन खाली या. आणि तुमचं सिम प्रीपेड असेल तर ते जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निदान एकाकडे पोस्टपेड ठेवा.