शनिवारच्या वरण-बट्टीचं काय?

"ताई, आमच्या लग्नाला 11 वर्षं झाली. गेल्या वर्षापासून दर शनिवारी रात्री आम्ही दोघंच बाहेर जेवायला जातो. सुरुवातीला मजा यायची. आता ती चार घास खाऊन हात आखडता घेते, जांभया देते, नऊ वाजले की घड्याळ बघते. मी हॉटेलं बदलून पाहिली. अजिंठा रोड झाला, भुसावळ रोड झाला. निघायलाही उशीर होतो, कारण आई-दादांना आणि दोन्ही पोरांना शनिवारी वरण-बट्टी लागते, ती करूनच ती निघते. काहीतरी नवीन सुचवा." – एक वाचक, जळगाव

भाऊ, हॉटेलांची यादी माझ्याकडे मागू नका. उशिराचं कारण म्हणून जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, सगळं दुखणं त्यातच आहे.

चार माणसांची वरण-बट्टी म्हणजे काय, ते ऐका. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात थोडं मक्याचं, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. हे पीठ घट्ट मळावं लागतं, मनगटं भरून येतात. गोळे वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे, कारण गरम असताना चिरले की भुगा होतो. मग फोडी करून मध्यम आचेवर तळायच्या. घाई करून आच वाढवली तर वरून लाल होतात, पण खुसखुशीत होत नाहीत. वर घोटलेलं वरण आणि वांग्याची भाजी. दोन तास सरळ उभं राहायचं, त्यातला शेवटचा अर्धा तास उकळत्या तेलासमोर. तळण करणाऱ्या बाईची भूक तिथेच मरते. तोंड धुऊन, साडी बदलून ती तुमच्यासमोर येऊन बसते, तेव्हा तिला शेवभाजीची तर्री बघवत नाही. आणि नऊ वाजता ती घड्याळ बघते, कारण घरी तेलाची कढई, कुकर आणि चार ताटं तिची वाट बघत असतात. तुम्ही तिला बाहेर नेता, पण तिला सुट्टी देत नाही. याचा मला राग येतो, आणि तो लपवणार नाही.

आता काय करायचं? येत्या शनिवारी दुपारी चारनंतर वहिनी ओट्यापाशी जाणार नाहीत. घरचं जेवण तुम्ही करायचं. बट्टीच्या नादी लागू नका, खिचडी लावा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी तूरडाळ, पाच वाजता धुऊन अर्धा तास भिजत घाला. न भिजवता लावली तर डाळ टचटचीत राहते. कुकरमध्ये तीन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या दहा पाकळ्या, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट. तिखट पडलं की लगेच अर्धी वाटी पाणी ओता, नाहीतर मसाला बुडाला करपतो आणि सगळ्या खिचडीला कडवट वास लागतो. मग डाळ-तांदूळ, मीठ, सात वाट्या गरम पाणी. आई-दादांना मऊ लागत असेल तर आठ. मध्यम आचेवर चार शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या. आठला बसायचं असेल तर झाकण आठलाच काढा, तोवर गरम राहते. पापड भाजून डब्यात ठेवा, वरून घ्यायचं तेल वाटीत काढून ठेवा. भांडी घासूनच निघा. रात्रीची ताटं पोरांकडून विसळून घ्या, मोठी झालीत ती. उरलेलं परत आल्यावर तुम्ही आवरा.

एक गोष्ट हमखास बिघडते. नवरा स्वयंपाकाला लागतो आणि दर पाच मिनिटांनी हाक मारतो, "अगं, मोहरी कुठेय?" त्यापेक्षा तिनंच केलेलं बरं. शुक्रवारी रात्रीच डबे उघडून बघून ठेवा.

आईंना तुम्ही स्वतः सांगा, तेही शुक्रवारीच. एवढंच म्हणा, "आई, उद्या संध्याकाळची खिचडी मी लावतोय. बट्टी रविवारी दुपारी सगळे मिळून करू." "हिला बरं नाही" असली सबब देऊ नका. तुमच्या निर्णयाचा दोष तिच्या माथी जातो आणि रविवारपासून टोमणे ती ऐकते. आई म्हणाल्या, "बट्टी मीच करते", तर त्यांनाही नको म्हणा. त्यांच्या गुडघ्यांवर तुमचा शनिवार उभा करू नका.

साडेसहाला निघा, पण थेट टेबलाशी जाऊ नका. आधी मेहरूण तलावावर चाला, अर्धा-पाऊण तास. समोरासमोर बसून सुचत नाही ते बरोबर चालताना बोललं जातं, आणि भूकही लागते. पोरांची फी, घराचा हप्ता घरी ठेवा. ती काही बोलली नाही तरी विषय शोधत बसू नका. जेवायला कुठे जायचं ते तिला ठरवू द्या. शेवभाजी मागवलीत तर शेव वेगळी आणायला सांगा आणि ताटात वाढून घेतल्यावर टाका, तिचा लगदा होत नाही.

असे चार शनिवार सलग करा, एकही चुकवू नका. पाचव्या आठवड्यात रविवारी सकाळी एरंडोलजवळ पद्मालयाला जा, कमळाच्या तळ्याकाठी निवांत बसता येतं. डबा न्यायचा असेल तर तोही तुम्हीच भरा.