१९६७ च्या मस्टँगमध्ये ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवतोय, मागचा आठ इंची ॲक्सल टिकेल का?

टायर कुठले लावणार आहात? प्रश्नात सगळं आलंय, तेवढंच राहिलंय, आणि उत्तर नेमकं त्यावर अवलंबून आहे.

मला समजलं ते असं. १९६७ ची फोर्ड मस्टँग, मूळची २८९ घनइंची इंजिनाची, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरची. आता ३०२ च्या ब्लॉकवर ३४७ स्ट्रोकर (पिस्टनची धाव वाढवून मोठं केलेलं इंजिन) बांधताय, अंदाजे ४०० हॉर्सपॉवर आणि तेवढाच टॉर्क. चार गिअरचा टॉपलोडर, म्हणजे फोर्डचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स. मागे कारखान्यातून आलेला आठ इंची ॲक्सल (आठ इंच म्हणजे त्यातल्या मोठ्या दातेरी चक्राचा, क्राउनचा व्यास). भेटेल तो म्हणतो 'नऊ इंची टाक आणि मोकळा हो', आणि तुम्हाला तो खर्च खरंच लागणार का हे हवंय. मी मिशिगनमध्ये राहतो. इथे हा सल्ला तर पेट्रोल भरताना शेजारच्या पंपावरचा माणूसही देतो. सल्ला चुकीचा नाही, पण तो सगळ्यांना सरसकट दिला जातो.

आधी साधा हिशोब करू. तुमच्या जुन्या २८९ चा टॉर्क २८२ पाउंड-फूट. टॉपलोडरचा पहिला गिअर २.७८ आणि मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला ड्राइव्हशाफ्टचे किती फेरे) ३.०० धरला, तर ॲक्सलपाशी २३५० च्या आसपास येतात. नव्या इंजिनाचे ४०० आणि रेशो ३.५५ धरला, तर ३९५०. हे बघून कुणालाही वाटेल की आठ इंचीचं काही खरं नाही.

पण हा सगळा टॉर्क ॲक्सलमधून जायला टायरने रस्ता धरून ठेवायला हवा. गाडी साधारण ३००० पाउंडांची. सुटताना वजन मागे सरकतं, म्हणून मागच्या दोन चाकांवर १८०० पाउंड धरू. टायर २६ इंची, म्हणजे त्रिज्या १.०८ फूट. रोजच्या रेडियल टायरची पकड ०.९ धरली तर १८०० गुणिले ०.९ गुणिले १.०८, म्हणजे १७५० पाउंड-फूट. त्याच्या वर टायर जागच्या जागी फिरतो आणि उरलेल्या टॉर्कचा धूर होतो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये टायर फिरवायची ताकद तुमच्या जुन्या २८९ मध्येही होती. पॉवर वाढली म्हणून साध्या टायरवर ॲक्सलवरचा सलग भार फारसा वाढत नाही.

मग ॲक्सल तुटतात कसे? झटक्याने. नारळ दाबून फुटत नाही, आपटून फुटतो. साडेतीन-चार हजार आरपीएमला क्लच एकदम सोडला की फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेला सगळा जोर एका क्षणात क्राउन आणि त्याला फिरवणारं छोटं चक्र, म्हणजे पिनियन, यांच्या दातांवर येतो. टायर चिकट असेल तर तो निसटून झटका पचवत नाही, आणि तो पुढे ॲक्सल शाफ्टच्या टोकावरच्या खाचांपर्यंत, म्हणजे स्प्लाइनपर्यंत पोचतो.

क्रायस्लरने हे ओळखलं होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी हेमी इंजिन आणि चार गिअर असलेल्या गाड्यांना ते ९.७५ इंची क्राउनचा डाना ६० देत. तेच हेमी ऑटोमॅटिकबरोबर असलं की सहसा ८.७५ इंचीवर भागवत. इंजिन तेच, पॉवर तीच. फरक एवढाच की ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर झटका गिळतो आणि क्लच गिळत नाही. तुमच्याकडे क्लच आहे, हे लक्षात असू द्या.

दुसरा शत्रू व्हील हॉप. मस्टँगच्या मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. जोर लावला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि डिफरन्शियलचं नाक वर उचललं जातं. मग टायर निसटतो, पाटा सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पाटा पुन्हा वाकतो. आत बसल्यावर सीटखालून धडधडधड असा आवाज येतो आणि मागची काच थरथरते. त्यातली प्रत्येक धड म्हणजे दातांवर बसलेला एक हातोडा. हा आवाज आला की ॲक्सलेटरवरून पाय काढायचा, दाबून धरायचा नाही. फोर्डने ४२८ कोब्रा जेटच्या चार गिअरच्या मस्टँगना मागचे शॉक ॲब्सॉर्बर एक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे असे बसवले, ते याच कारणासाठी.

आता तुमच्या गाडीबद्दल. साधे रेडियल, रस्त्यावर चालवणं, अधूनमधून जोरात पिकअप घेणं, एवढंच असेल तर मी आठ इंची ठेवेन. मात्र साठ वर्षांपूर्वीचा आहे तसा नाही. खोलून बेअरिंग आणि सील नवे, २८ स्प्लाइनचे नव्या चांगल्या पोलादाचे ॲक्सल शाफ्ट, ३.५५ चं क्राउन-पिनियन आणि लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना ओढायला लावणारं डिफरन्शियल). आणि ट्रॅक्शन बार (पाटा वाकू न देणारे दांडे) नक्की. या कामात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फायदा तेच देतात, आणि लोक नेमके तेच सगळ्यात शेवटी घेतात.

लिमिटेड स्लिपबद्दल एक सांगतो. ओपन डिफरन्शियलमध्ये कमी पकड असलेलं चाक फिरून जातं आणि ॲक्सल वाचतो. मस्टँगमध्ये ते बहुतेक वेळा मागचं उजवं चाक असतं. दोन्ही चाकं ओढायला लागली की गाडी सुटते छान, पण भारही वाढतो. म्हणून आधी शाफ्ट, मग लिमिटेड स्लिप. दोन्ही एकदम केलंत तर उत्तम. प्रकार निवडताना, रस्त्यावरच्या गाडीला मी ट्रूट्रॅकसारखा गिअरवाला घेईन. त्यात क्लच प्लेट नसतात, त्यामुळे तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालायची भानगड नाही. डेट्रॉइट लॉकर मजबूत आहे, पण वळणावर खट्कन आवाज करतो. शेजारी बसणाऱ्याला तो समजावून सांगावा लागतो.

ड्रॅग रेडियल किंवा स्लिक (शर्यतीचे चिकट टायर) लावून महिन्यातून एकदा जरी स्ट्रिपवर, म्हणजे ड्रॅग शर्यतीच्या सरळ ट्रॅकवर जाणार असाल, तर आठ इंचीवर पैसे घालू नका. तिथे नऊ इंचीच.

नऊ इंची चांगला का, तर फक्त क्राउन मोठा म्हणून नाही. पिनियनच्या टोकाला, दातांच्या पलीकडे, तिसरं बेअरिंग असतं. त्यामुळे भार आला तरी पिनियन क्राउनपासून दूर ढकललं जात नाही. पिनियनचा सपोर्ट वेगळा निघतो, त्यामुळे पिनियनची खोली ठरवणारे शिम (पातळ चकत्या) बदलणं सोपं. आणि १९५७ पासून १९८६ पर्यंत फोर्डने तो इतक्या गाड्यांना लावला की सुटे भाग आजही कुठेही मिळतात. शाफ्ट मात्र ३१ स्प्लाइनचे घ्या. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून २८ वरून ३१ वर गेलं की ती सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त होते. ३५ स्प्लाइनच्या नादी लागू नका. ३०२ चा मूळ ब्लॉक ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास मधोमध चिरतो हे सगळ्यांना माहीत आहे. इंजिन तिथेच थांबणार असेल तर त्याच्या दुप्पट मजबूत ॲक्सल घेऊन करायचं काय? नऊ इंचीची उणी बाजूही आहे. पिनियन क्राउनच्या मध्यापासून २.२५ इंच खाली बसतं, दात एकमेकांवर जास्त घासतात, थोडी पॉवर तिथेच खर्च होते. वजनही जास्त.

खरेदीआधी गाडीखाली शिरून एक बघा. तुमचा ॲक्सल आठ इंचीच आहे ना? इतक्या वर्षांत कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही. डिफरन्शियल पुढून बोल्टने बसवलेलं असतं. त्याच्या सगळ्या नटांवर सॉकेट सरळ बसला तर आठ इंची. खालच्या दोन नटांना केसिंग आडवं आलं आणि तिथे सपाट पानाच घालावा लागला, तर तो नऊ इंची. मागच्या बाजूला बोल्टचं झाकण असेल तर तो या दोन्हींपैकी नाही.

भंगारातून आणायचा विचार असेल तर मापं जपा. १९६७ ते १९७० च्या मस्टँगचा ॲक्सल ५९.२५ इंच रुंद, १९६५-६६ चा ५७.२५. दोन पाट्यांमधलं अंतर ४३ इंच. पिकअप ट्रकचे नऊ इंची बरेच रुंद असतात आणि चाकांच्या बोल्टचा घेरही वेगळा, म्हणजे कापून आखूड करणं आलंच. लिंकन व्हर्सायचा, कारखान्यातूनच डिस्क ब्रेक असलेला नऊ इंची पूर्वी सगळे शोधायचे. आता तो भंगारात दिसला तर फोटो काढून ठेवा.

मधला रस्ता १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची. ३१ स्प्लाइन, डिस्क ब्रेक, ३.७३ किंवा ४.१० रेशो बऱ्याचदा आयता, बोल्टचा घेर तुमच्या चाकांना जुळणारा, आणि रुंदी जवळपास तुमचीच. पिनियन मात्र मध्यापासून दोन इंच बाजूला असतं. काही लोक लांब बाजूची नळी कापून दोन्हीकडे आखूड शाफ्ट घालतात, पण मग रुंदी कमी होते, ते १९६५-६६ वाल्यांना जास्त सोयीचं. पाट्यांच्या बैठका कापून नव्या वेल्ड कराव्या लागतात. नळ्या मधल्या केसिंगमध्ये नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, त्या नीट वेल्ड करून घ्या. आणि शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपने अडकवलेले असतात. शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. तुमच्या आठ इंचीत आणि नऊ इंचीत शाफ्ट बाहेरच्या टोकाला प्लेटने धरलेला असतो, तो धोका नाही. स्ट्रिपवर जाणार असाल तर मी या एकाच कारणासाठी ८.८ घेणार नाही.

बैठका वेल्ड करताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या. आधी नुसते टाके मारा आणि पिनियनचं नाक ड्राइव्हशाफ्टच्या मानाने एक-दोन अंश खाली आहे हे मोजा. जोर लागल्यावर ते वर येणारच आहे. मग पूर्ण वेल्ड. ड्राइव्हशाफ्टची लांबी ॲक्सल बसवल्यावरच मोजा, आधी कापून आणू नका.

रेशो ३.५५ च्या वर नेऊ नका, निदान टॉपलोडर आहे तोवर. ताशी ६५ मैलांना २६ इंची टायरवर ३.०० ला इंजिन २५२० आरपीएमला चालतं, ३.५५ ला २९८०, आणि ४.११ ला ३४५०. हायवेवर तासभर ३४५० ऐकून बघा, घरचेच गाडी विकायला लावतील. पाच गिअरचा ओव्हरड्राइव्ह पुढे कधी घेतलात तर हा मुद्दा उरत नाही.

क्राउन-पिनियन बसवायचं काम मात्र रोज तेच करणाऱ्याकडे द्या. दातांना पिवळी पेस्ट लावून फिरवल्यावर ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे, कडेला किंवा मुळाशी नाही. तो ठसा तुम्हाला दाखवायला सांगा. दाखवायला कां-कूं करत असेल तर दुसरा माणूस शोधा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली ढिलाई, गिअरबरोबर आलेल्या कागदावरच्या आकड्यात बसला पाहिजे.

पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. ५०० मैलांपर्यंत जोर लावू नका, मग तेल बदला. ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, साधं खनिज तेल पुरतं. त्या पहिल्या तेलात बारीक राखाडी चमक दिसली तर घाबरू नका. तुकडे दिसले तर मात्र गाडी तिथेच उभी करा.

टायरची साईज आणि स्ट्रिपवर जाणार की नाही, एवढं खाली लिहा. शाफ्ट आणि ट्रॅक्शन बार कुठले घ्यायचे ते मग सांगतो.