ओपन पोअर्स बंद कसे करू?

प्रश्न: ताई नमस्कार, माझं वय २६, सोलापूरला एका पतसंस्थेत कामाला आहे. माझ्या नाकावर आणि नाकाशेजारी गालांवर ओपन पोअर्स, म्हणजे कातडीवरची उघडी छिद्रं, खूपच दिसतात, आई म्हणते तोंडाची संत्र्याची साल झालीय. दोन वर्षांत सगळं करून झालं, बर्फ फिरवला, दर रविवारी वाफ घेतली, बेसन-लिंबू लावलं, अंड्यातला पांढरा भाग लावून वाळेपर्यंत बसले, पार्लरमध्ये क्लीनअप केलं, चार दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच. एप्रिलमध्ये लग्न आहे, अजून पाच महिने आहेत. पोअर्स कायमचे बंद व्हायला काय लावू?

उत्तर: आधी जे सांगते ते ऐकून तुला वाईट वाटेल, पण निदान दोन वर्षं चाललेला हा त्रास तरी थांबेल. पोअर्स बंद होत नाहीत गं. उघडझाप करायला तिथे स्नायूच नसतो. प्रत्येक छिद्राच्या आत एक बारीक केस असतो, त्याला लागून तेलाची ग्रंथी असते आणि ते तेल वर यायची वाट म्हणजे हे छिद्र, ती वाट बुजली तर उलट पुळी येते. वाफेने उघडतं आणि बर्फाने मिटतं हे सगळीकडे सांगतात, पण वाफेने फक्त वरचं तेल मऊ पडतं आणि बर्फाने कातडी थोडा वेळ आखडते, जरा वेळाने जैसे थे. अंड्याचंही तसंच, वाळताना चेहरा ताणतो, धुतलं की संपलं.

छिद्र केवढं असणार हे बरंचसं घराण्यातूनच येतं, आईच्या किंवा बाबांच्या नाकाकडे एकदा नीट बघ. तेल जास्त सुटत असेल तर ते ठळक दिसतं, उन्हाळ्यात आणखी ठळक, आणि वर्षानुवर्षं ऊन लागून आजूबाजूची कातडी सैल पडली की अजून रुंद दिसतं. म्हणजे आपल्या हातात काय, तर तेल साचू द्यायचं नाही आणि ऊन लागू द्यायचं नाही, एवढ्याने ते दिसायला बरेच कमी होतात.

आणि आता खरं सांग, आरशाला नाक टेकवून बघतेस ना? दोन्ही नखांनी दाबलं की शेवईच्या बारीक तुकड्यासारखं पांढरट-पिवळं काहीतरी वर येतं आणि आपल्याला वाटतं केवढी ही घाण. ती घाण नाहीये. तेल आणि मेलेल्या पेशींची ती वात प्रत्येकाच्या नाकात असते, काढली तरी महिन्याभरात परत भरते. पण नखाने किंवा पार्लरमधल्या त्या सुईसारख्या काडीने दर वेळी दाबलं की आजूबाजूला सूज येते, काळे डाग राहतात, कधी कायमचा खड्डा पडतो. खड्डा म्हणजे पोअर नव्हे, त्याचे उपचार वेगळे, म्हणून हात मागे घे, खरंच.

लिंबू तर आजपासून बंद. आपल्या त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ आणि लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास, म्हणजे चेहऱ्यावर सरळ आम्लच की, आणि त्वचेवर तो रस राहिलेला असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात, तेही सोलापूरच्या उन्हात! बेसन आठवड्यातून एकदा पाण्यात कालवून हलक्या हाताने लावलंस तर चालेल, घासायचं नाही.

मग करायचं काय? सकाळ-संध्याकाळ साध्या सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, दोनच वेळा, कारण सारखं धुतल्याने तोंड कोरडं पडून ओढल्यासारखं होतं, तेल काही कमी होत नाही. आठवड्यातून दोन-तीन रात्री २ टक्के सॅलिसिलिक अॅसिड, हे तेलात विरघळतं म्हणून छिद्राच्या आत जाऊन साचलेलं मोकळं करतं. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल तर मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सकाळी ४-५ टक्के नायसिनमाइड (बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) लावलंस तर तेलकटपणा जरा आटोक्यात राहतो. वर जेल मॉइश्चरायझर, तेलकट चेहऱ्यालाही ते लागतंच. आणि सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब ओढलेल्या रेघांएवढं, चिमूटभर घेऊन काही उपयोग नाही. रात्री डोक्याला चपचपीत तेल लावून झोपायची सवय असेल तर तीही सोड, ते कपाळावर उतरतं, धुवायच्या आधी तासभर लावलं तरी केसांना पुरतं.

दीड-दोन महिन्यांत फरक वाटला नाही तर स्किनच्या डॉक्टरांना अॅडापलीन जेलबद्दल विचार, हे अ जीवनसत्त्वाच्या गटातलं लावायचं औषध आहे. तुरीच्या दाण्याएवढं, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, सुरुवातीला एक रात्र सोडून आणि सॅलिसिलिकच्या रात्री नाही. पहिले काही आठवडे सालं निघतात, चुरचुरतं, घाबरून सोडू नकोस, नीट फरक दिसायला १२ आठवडे तरी जातात म्हणून मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही. लग्नानंतर लगेच बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, गरोदरपणात हे जेल वापरत नाहीत. लग्नाच्या आदल्या आठवड्यात नवं फेशियल, ब्लीच काहीही नको, कुणी फुकट करून देतो म्हटलं तरी. त्या दिवशी मेकअपवाली सिलिकॉनचा प्रायमर लावेल, फोटोत पोअर्स दिसणारही नाहीत.

प्रश्न: मेडिकलवाल्याने दिलेल्या एका क्रीमने माझे पोअर्स आणि डाग पंधरा दिवसांत गेले, चेहरा गोरा-गुळगुळीत झाला. आठ महिने लावतेय, पण एक दिवस जरी चुकलं तरी चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. चालू ठेवू का? (लातूर)

उत्तर: ट्यूबवर बारीक अक्षरात बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यातलं काही लिहिलंय का बघ, मला जवळपास खात्री आहे की असणार. हे स्टिरॉइड आहे. सुरुवातीला सगळं छान दिसतं, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुळ्या येतात, गालावर लव वाढते, आणि सोडलं की तू म्हणतेस तशी आग होते. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात. तुझी चूक नाही गं यात, अशा कितीतरी जणी येतात माझ्याकडे. पण आठ महिने झालेत तर मनाने एकदम बंद करू नकोस आणि पुढची ट्यूबही आणू नकोस, याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू सोडवतील. जाताना ती ट्यूब, रिकामी झाली असली तरी, पिशवीत टाकून ने.